कागदावरचा खोका

विजयादशमीच्या दिवशी म्हैसूरच्या राजवाड्यातून निघणारी मिरवणूक कृष्णराज चौक ओलांडून सयाजीराव रस्त्याला लागते आणि बन्नीमंटपाकडे जाते. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचे नाव या रस्त्याला दिलेले आहे. शहराचे अधिकृत नाव २०१४ पासून मैसुरू झाले असले, तरी मराठी माणूस त्याला म्हैसूरच म्हणतो. रस्त्याच्या कडेला उभा असलेला प्रेक्षक सोन्याची अंबारी वाहणाऱ्या हत्तीकडे पाहत असतो. हत्ती २० मीटर अंतरावर असताना त्याची जेवढी प्रतिमा प्रेक्षकाच्या डोळ्यात उमटते, तिच्या निम्म्या उंचीची प्रतिमा ४० मीटरांवर उमटते आणि ८० मीटरांवर ती पाव होते. तरीही हत्ती लहान झाला असे कोणी म्हणत नाही. तो पुढे गेला, एवढेच सर्वजण म्हणतात.

डोळ्याला दिसणारे आणि मनाला कळणारे यांच्यातील हे अंतर रोजच्या व्यवहारात फार सोयीचे असते. हत्ती प्रत्येक पावलागणिक आकसतो असे वाटू लागले, तर माणसाला रस्त्याने चालणेही कठीण होईल. परंतु हाती पेन्सिल घेतली की हीच सोय आड येते. चित्र काढणाऱ्याला कागदावर दिसलेले उतरवायचे असते आणि त्याचे मन मात्र त्याला माहीत असलेले पुढे करीत राहते. या ओढाताणीचा उलगडा सर्वांत सोप्या वस्तूवर होतो. ती वस्तू म्हणजे साधा खोका.

खोका हा तसा अरसिक विषय आहे. सहा बाजू, बारा कडा आणि आठ कोपरे यांपलीकडे त्यात काही नाही. म्हैसूरचे कारागीर शिसवी लाकडाच्या ज्या पेट्यांवर सुंदर जडावकाम करतात, त्यांचेही मूळ रूप हेच असते. तथापि ज्याला कोणत्याही बाजूने पाहिलेला खोका बिनचूक काढता येतो, त्याला घर, कपाट, बैलगाडी, देवराज मार्केटमधील दुकानांची रांग, इतकेच काय पण माणसाचे धडसुद्धा काढणे बरेच सुकर होते. कारण या सर्व वस्तू प्रथम खोक्यात बसवून मग घडवता येतात.

नवशिक्याचा खोका बहुधा एकाच साच्याचा असतो. तो आधी समोरची बाजू काटेकोर चौकोनी काढतो, मग तिच्या कोपऱ्यांपासून मागे जाणाऱ्या तीन समांतर तिरप्या रेषा ओढतो आणि त्यांची टोके जोडून टाकतो. वरची बाजू प्रत्यक्षात दिसते त्याहून कितीतरी रुंद होते, कारण झाकण ‘एवढे मोठे’ आहे हे त्याला माहीत असते. मागच्या कडा पुढच्या कडांइतक्याच लांब राहतात, कारण मोजल्या तर त्या तेवढ्याच भरतात. त्याची प्रत्येक चूक ज्ञानातून आलेली असते, अज्ञानातून नव्हे.

मानसशास्त्रज्ञांनी या गोष्टीची तपासणी केलेली आहे. रॉबर्ट थाउलेस यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तिरप्या ठेवलेल्या चकत्या लोकांना दाखवल्या आणि त्या कशा दिसतात ते विचारले. तिरपी चकती डोळ्याला लंबवर्तुळाकार दिसते. परंतु लोकांनी निवडलेले लंबवर्तुळ प्रत्यक्ष दिसणाऱ्यापेक्षा नेहमी अधिक गोल, म्हणजे खऱ्या चकतीच्या जवळचे होते. रॉजर शेपर्ड यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेले दोन टेबलांचे चित्र याहूनही चकित करणारे आहे. एक टेबल लांबट व अरुंद, तर दुसरे जवळजवळ चौरस भासते. मात्र एका टेबलाचा वरचा पृष्ठभाग कागदावर छापून, कापून व फिरवून दुसऱ्यावर ठेवला, तर तो तंतोतंत बसतो. हे रहस्य कळल्यानंतरही भास जात नाही. पुढे १९९७ मध्ये डेल कोहेन आणि सुझन बेनेट यांनी बहुतेक माणसांना दिसलेले का काढता येत नाही, हा प्रश्न पद्धतशीरपणे हाताळला. हाताचे अकौशल्य हे कारण त्यांना अगदी गौण आढळले. चुकीचे मुख्य मूळ वस्तूच्या चुकीच्या आकलनात होते. ‘माझा हात चित्रकलेचा नाही’ असे म्हणणाऱ्यांनी, थोडक्यात, निरपराध हाताला दोष दिलेला असतो.

मनाच्या या हट्टावर नियमांचा लगाम घालण्याची रीत इटलीतील फ्लॉरेन्स शहरात पंधराव्या शतकाच्या आरंभी सापडली. कलाविद्यालयांत ज्याला ‘पर्स्पेक्टिव्ह’ म्हणतात आणि मराठीत यथार्थदर्शन ही संज्ञा आहे, ती हीच. फिलिप्पो ब्रुनेलेस्की या वास्तुतज्ज्ञाने तेथील अष्टकोनी बाप्तिस्मागृहाचे चित्र एका लहान फळीवर काढले आणि फळीला भोक पाडले, असे त्याच्या चरित्रकाराने नोंदवले आहे. पाहणाऱ्याने फळीच्या मागून त्या भोकाला डोळा लावायचा आणि समोर आरसा धरायचा. आरशात चित्राचे प्रतिबिंब दिसे. आरसा बाजूला केला की त्याच जागी खरी इमारत दिसे. दोन्हींत फरक पडला नाही तर चित्र बरोबर. या विद्येच्या जन्मातच पडताळ्याची सोय होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. लेओन बात्तिस्ता आल्बेर्ती याने १४३५ मध्ये या नियमांची ग्रंथात मांडणी केली आणि जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने १५२५ च्या आपल्या पुस्तकात चौकट, दोरा आणि दर्शकछिद्र यांच्या साहाय्याने वस्तू रेखाटण्याची यंत्रे दाखवली.

नियम मोजके आहेत. पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर एक आडवी रेषा कल्पावी, ती क्षितिजरेषा. दूर जाणाऱ्या आणि प्रत्यक्षात परस्परांना समांतर असणाऱ्या सर्व कडा चित्रात एका बिंदूकडे धावतात, तो लोपबिंदू. कडा जमिनीला समांतर असतील तर त्यांचा लोपबिंदू क्षितिजरेषेवरच पडतो. डोळ्याच्या पातळीखालच्या कडा वर चढत जातात, वरच्या कडा खाली उतरत येतात. क्षितिजरेषा पाहणाऱ्याबरोबर हलते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. म्हैसूरच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला घरांची छपरे वरून दिसत नाहीत. तोच माणूस चामुंडीच्या पायऱ्या चढून शहराकडे पाहू लागला, की क्षितिज त्याच्या डोळ्याच्या उंचीला आलेले असते आणि खाली पसरलेल्या सगळ्या घरांच्या गच्च्या उघड्या पडतात. घरे तीच असतात. डोळा मात्र सुमारे ३०० मीटर वर गेलेला असतो.

हे नियम तासाभरात पाठ होतात. त्यानंतर काढलेला खोका मात्र बहुधा पूर्वीइतकाच वाकडा येतो. नियम कळणे आणि ते नजरेत भिनणे यांच्यामध्ये सरावाचा मोठा पट्टा आहे, आणि बहुतेकांचा प्रवास तेथेच थांबतो.

सराव म्हणजे पुनरावृत्ती, असा सर्वसाधारण समज आहे. शंभर खोके काढले की एकशेएकावा आपोआप चांगला येईल, या आशेने वहीची पाने भरली जातात. प्रत्यक्षात शंभर वेळा केलेली चूक अधिक सफाईने होऊ लागते, इतकेच. महाराष्ट्रात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत आणखी एक प्रकार आढळतो. वस्तुचित्रातील खोक्याची चुकलेली कड शिक्षक स्वतःच्या पेन्सिलीने सरळ करून देतात. त्याने चित्र सुधारते. विद्यार्थ्याची नजर होती तेथेच राहते.

खोक्याचा मोठा गुण असा की, त्याची चूक शोधायला शिक्षकाची गरज लागत नाही. विद्यार्थ्याने लोपबिंदू न आखता, फूटपट्टी न घेता, केवळ अंदाजाने एक खोका काढावा. मागच्या, न दिसणाऱ्या कडाही काढाव्यात. खोका काचेचा आहे असे समजावे. खोडरबर दूर ठेवावे, कारण पुसलेली चूक काही शिकवत नाही. मग लाल पेन्सिल व फूटपट्टी घेऊन परस्परांना समांतर असलेल्या चार-चार कडांचा एकेक गट मागच्या दिशेने लांबवावा. चार लाल रेषा एका ठिकाणी मिळाल्या, तर गट बरोबर. तीन मिळून चौथी भरकटली, तर ती कड चुकलेली. दोन एका ठिकाणी व उरलेल्या दोन दुसऱ्या ठिकाणी मिळत असतील, तर खोक्याची ती बाजू पिळवटलेली. आणि रेषा मागे जाण्याऐवजी पाहणाऱ्याकडे मिळू लागल्या, तर मागची बाजू पुढचीपेक्षा मोठी झाली आहे, म्हणजेच मन पुन्हा एकदा डोळ्यावर मात करून गेले आहे.

चुका बहुधा सर्वांत मागच्या, झाकलेल्या कोपऱ्यात साठतात. तिन्ही गटांच्या रेषा तेथे एकत्र येतात, त्यामुळे आधीच्या प्रत्येक कडेतील थोडाथोडा दोष तेथे गोळा होतो. नवशिका तेथे तडजोड करतो आणि एखादी रेषा चोरून वाकवतो. हा कोपरा न फसवता जुळू लागला की उरलेला खोका जवळजवळ हातात आला म्हणावे.

दुसरी पारख जवळच्या कोपऱ्याची. डोळ्याच्या पातळीखाली, साधारण समोर ठेवलेल्या पेटीच्या वरच्या जवळच्या कोपऱ्यात तीन कडा मिळतात आणि तेथे तीन कोन होतात. काटकोनी पेटीच्या चित्रात या तिन्हींपैकी प्रत्येक कोन काटकोनापेक्षा मोठा असावा लागतो. एखादा जरी लहान झाला, तरी पेटी नावेच्या नाळेसारखी टोकदार भासू लागते. याचे कारण शाळेतील भूमितीतच आहे. दोन लोपबिंदूंमधील अंतर हा व्यास धरून क्षितिजरेषेच्या खाली अर्धवर्तुळ काढावे. अर्धवर्तुळावरील कोन काटकोन असतो, त्याच्या आतील बिंदूपाशी होणारा कोन त्याहून मोठा आणि बाहेरील बिंदूपाशी होणारा लहान असतो. पेटीचा कोपरा अर्धवर्तुळाच्या आत असला, की चित्र स्वाभाविक वाटते; बाहेर गेला, की ते बिघडते. नवशिक्यांच्या पेट्या टोकदार होण्याचे कारण असे की, ते दोन्ही लोपबिंदू कागदावरच मावावेत असा आग्रह धरतात. ते पुष्कळदा कागदाबाहेर, टेबलावर कोठेतरी पडायला हवे असतात.

तिसरी पारख अंतराची. ३० सेंटिमीटर खोलीचा खोका डोळ्यापासून ६० सेंटिमीटरांवर असेल, तर त्याची मागची कड ९० सेंटिमीटरांवर असते आणि पुढच्या कडेच्या दोनतृतीयांश दिसते. तोच खोका तीन मीटरांवर नेला, तर मागची कड पुढच्या कडेच्या दहाअकरांश दिसते. म्हणजे फरक जेमतेम जाणवतो. रेषा किती झपाट्याने जवळ येतात यावरून वस्तू किती जवळ आहे हे पाहणाऱ्याला न सांगता कळते. काडेपेटीच्या कडा झपझप निमुळत्या काढल्या, तर ती काडेपेटी वाटेनाशी होते आणि रस्त्यावरून वर मान करून पाहिलेल्या इमारतीसारखी भासते. पुष्कळ हौशी चित्रांतील टेबलखुर्च्या अवाढव्य का वाटतात, याचे उत्तर येथे मिळते.

या तपासण्या प्रत्येक खोक्यावर करायच्या आणि आढळलेला दोष समासात एका ओळीत लिहायचा. ‘उजवीकडच्या रेषा फार लवकर मिळाल्या’, ‘खालची कड पुरेशी चढली नाही’, एवढे पुरे. वीस-पंचवीस खोक्यांनंतर समास वाचला, की प्रत्येकाचा स्वतःचा असा एक ठरावीक दोष समोर येतो. कोणाची डावी बाजू नेहमी सुटते, कोणाला उथळ पेटी जमत नाही. पुढचे पान त्या एकाच दोषासाठी राखून ठेवायचे. सरळ उभ्या खोक्यांनंतर कलते, हवेत तरंगणारे खोके घ्यायचे, ज्यांत उभ्या कडांचाही तिसरा लोपबिंदू असतो. हे काम कंटाळवाणे आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. अर्धा तास नीट केले तर डोके थकते. थकवा मुळीच आला नाही, तर बहुधा खोके यांत्रिकपणे भरले गेलेले असतात.

अशा सरावाला शास्त्रीय नाव मिळाले ते १९९३ मध्ये. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतील व्हायोलिनवादकांचा अभ्यास करून ‘सहेतुक सराव’ ही कल्पना मांडली. ठरावीक उणीव हेरून, आपल्या आवाक्याच्या किंचित पलीकडचे काम घेऊन, त्याचा परिणाम लगेच तपासत केलेला सराव, असा तिचा आशय आहे. त्यांच्या अभ्यासातील सर्वोत्तम वादकांचा विसाव्या वर्षापर्यंतचा एकांतातील सराव सरासरीने १०,००० तासांच्या वर गेलेला होता. माल्कम ग्लॅडवेल यांच्या २००८ च्या लोकप्रिय पुस्तकाने या सरासरीचा नियम करून टाकला आणि १०,००० तास हा जणू मंत्र झाला. स्वतः एरिक्सन यांना हे मान्य नव्हते. तासांपेक्षा सराव कसा केला हे महत्त्वाचे, असे ते २०२० मध्ये निधन होईपर्यंत सांगत राहिले. दुसऱ्या बाजूने, सरावाने सर्व काही साधते हा दावाही टिकलेला नाही. ब्रुक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. संगीतातील व्यक्तिव्यक्तींमधील फरकांपैकी सुमारे २१ टक्के आणि खेळांतील १८ टक्के फरक अशा सरावाने उलगडतो, असे त्यांना आढळले. उरलेल्या भागात काय काय दडले आहे, यावर वाद चालू आहे. खोका काढण्यापुरता हा वाद फारसा अडत नाही. खोका बिनचूक काढायला असामान्य देणगी लागते, असे मानण्यास काहीच आधार नाही.

तरीही ‘देणगी आहे की नाही’ हा निवाडा पुष्कळदा फार लवकर दिला जातो, आणि म्हैसूरच्या एका तरुणाच्या बाबतीत तो दिला गेला होता. रासीपुरम कृष्णस्वामी लक्ष्मण, म्हणजे आर. के. लक्ष्मण, यांचा जन्म म्हैसूरला १९२१ मध्ये झाला. शिक्षकांच्या या कुटुंबात औपचारिक कलाशिक्षण कोणी दिले नाही. आपल्या खोलीच्या खिडकीतून जे दिसे ते, वाळक्या काटक्या, पाने, सरपण फोडणारा नोकर आणि समोरच्या छपरांवर नाना तऱ्हांनी बसलेले कावळे, आपण लहानपणी रेखाटत असू, असे त्यांनी आत्मचरित्रात सांगितले आहे. शालेय शिक्षण संपल्यावर त्यांनी मुंबईच्या सर जे. जे. कलाविद्यालयाकडे अर्ज केला. तेथील प्रमुखांनी, विद्यार्थी म्हणून प्रवेश मिळण्यास आवश्यक ती प्रतिभा रेखाटनांत दिसत नाही, असे कळवून तो नाकारला. लक्ष्मण म्हैसूरच्या महाराजा महाविद्यालयात शिकून पदवीधर झाले. शिकता शिकता त्यांनी थोरले बंधू आर. के. नारायण यांच्या कथांसाठी ‘द हिंदू’मध्ये आणि ‘कोरवंजी’ या कन्नड विनोदी मासिकासाठी चित्रे काढली. पुढे ते त्याच मुंबईत आले. तेथे ‘फ्री प्रेस जर्नल’ आणि नंतर ‘टाइम्स ऑफ इंडिया’ या पत्रांतून, चौकड्याचा कोट घातलेल्या त्यांच्या मूक सामान्य माणसाने मराठी घरांतही कायमचे स्थान मिळवले. २०१५ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले.

लक्ष्मण यांनी खोक्यांचे सराव केले होते, असे सुचवण्याचा येथे हेतू नाही. एका असामान्य माणसाच्या उदाहरणावरून सर्वांसाठी नियमही काढता येत नाही. परंतु त्यांच्या व्यंगचित्रांतील खोल्या पाहण्याजोग्या आहेत. मंत्र्याचे टेबल, फायलींची चळत, मागचे कपाट, खिडकीतून दिसणाऱ्या इमारती हे सारे ब्रशच्या मोजक्या फटकाऱ्यांत उभे राहते. रेषा सरळ नसतात, जाडीने कमीजास्त असतात, पण त्या जेथे मिळायला हव्यात तेथेच मिळतात. लोपबिंदू न आखताही तो जागेवर आहे हे जाणवते. नजर मुरल्याची खूण हीच. खिडकीतून वर्षानुवर्षे पाहून रेखाटणे आणि काढलेले पुन्हा वस्तूशी ताडून पाहणे, हा आरशाशिवायचा पण ब्रुनेलेस्कीच्याच जातीचा पडताळा होता.

यथार्थदर्शन ही चित्र काढण्याची एकच योग्य रीत आहे, असा ग्रह मात्र होऊ नये. अजिंठ्याच्या चित्रकारांनी मंडप आणि खडक यांना ठसठशीत घनता दिली. तेथील खडक तर एकावर एक रचलेल्या ठोकळ्यांसारखे आहेत. परंतु त्यांच्या कडा एका बिंदूकडे जात नाहीत. त्या भिंतीतून पाहणाऱ्याच्या दिशेने पुढे येतात असे वाटते. म्हैसूरच्या पारंपरिक चित्रशैलीतही देवतेचे सिंहासन समोरून, सपाट, सोन्याच्या वर्खात झळकत असते. पूजेच्या चित्राला एका ठिकाणी उभ्या असलेल्या एका डोळ्याची साक्ष नको असते. तेथे लोपबिंदू शोधणे म्हणजे ओवीत शार्दूलविक्रीडिताची गणवृत्ते शोधणे होय.

म्हैसूरच्याच राजवाड्यातील कल्याणमंटपात मात्र निराळी चित्रे आहेत. वाडियार राजांच्या काळातील दसऱ्याच्या मिरवणुकीची भित्तिचित्रे तेथे ओळीने लावलेली असून ती छायाचित्रांच्या आधारे रंगवलेली आहेत. कॅमेरा हे यथार्थदर्शनाचे यंत्रच असल्याने छायाचित्र हे नजरेच्या सरावाचे स्वस्त आणि उत्तम साधन ठरते. रस्त्याचे कोणतेही छायाचित्र घेऊन त्यावर पातळ कागद ठेवावा आणि इमारतींच्या दूर जाणाऱ्या कडा लाल पेन्सिलीने लांबवाव्यात. त्या जेथे मिळतील त्या उंचीवर आडवी रेषा ओढली, की भिंगाची उंची कळते. सपाट रस्त्यावर उभ्या असलेल्या सारख्या उंचीच्या सर्व माणसांना, ती जवळ असोत की दूर, ही रेषा शरीराच्या एकाच ठिकाणी छेदते. ती खांद्यावरून जात असेल, तर कॅमेरा खांद्याच्या उंचीवर धरलेला होता. सर्वांच्या डोक्यांवरून बरीच वर जात असेल, तर छायाचित्रकार त्या दिवशी कोणाच्या तरी गच्चीवर किंवा सज्जात चढला होता.